निळा ठिपका शाळेकडे

भिकाजी गोताड माणसांना पायांवरून ओळखतो. चेहरे त्याच्या लक्षात राहत नाहीत. दहा वर्षांपूर्वी शाळा सोडून गेलेली एखादी मुलगी हातखंब्याच्या नाक्यावर भेटते, "मामा, ओळखलंत काय?" विचारते, आणि हा तिच्या तोंडाकडे बघत गोंधळून उभा राहतो. मग ती दोन पावलं चालली की म्हणतो, "तू ती. खो-खोत तिसऱ्या चौकात बसणारी. डाव्या अंगठ्यावर उठायचीस." नाव तरीही आठवत नाही.

एकतीस वर्षं तो हातखंब्यापासून आत असलेल्या एका हायस्कुलात शिपाई होता. घंटा, टपाल, पाण्याची टाकी आणि मैदान. पहिली तीन कामं नोकरीतली. मैदान त्याला कुणी दिलं नव्हतं, ते आपणहून त्याच्याकडे येऊन राहिलं. शाळेमागचा जांभा फोडून, वर लाल माती पसरून केलेलं खो-खोचं मैदान. एक खांब शाळेकडे, एक रस्त्याकडे. एका अंगाला विहीर, दुसऱ्या अंगाला माडांची रांग. सकाळी सुतळी ताणून फक्कीच्या रेघा ओढायच्या. संध्याकाळी सगळे ओरडून दमून पांगले की माती सारखी करायची, झारीने पाणी मारायचं, रूळ फिरवायचा. निवृत्त होऊन त्याला दोन वर्षं झाली. नव्या शिपायाला मैदानाची हौस नाही, म्हणून भिकाजी अजून येतो. कुणी बोलावत नाही, कुणी नको म्हणत नाही. या दोहोंमधल्या चिंचोळ्या जागेत त्याचं आयुष्य गेलं आहे.

माती सारखी करण्याआधी तो एकदा शाळेकडच्या खांबापासून रस्त्याकडच्या खांबापर्यंत मान खाली घालून चालतो. ओलसर मातीत दिवसभराचे पाय उमटलेले असतात. टाच किती रुतली, चवडा कुठे घसरला, सूर मारताना आधी कोपर टेकलं की छाती. अनवाणी खेळणाऱ्या मुलींच्या पायांचा तो गुंता त्याला सुटा दिसतो. पूर्वी तो त्यातलं काहीबाही सांगायचा. हिचा उजवा चवडा फाकतोय. तिची टाच उशिरा टेकते. खेळाचे सर ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी तेच मुलींना सांगायचे, स्वतःचं म्हणून. शाळेने जिल्ह्याची ढाल सात वेळा आणली. कार्यालयात सात फोटो आहेत. एकात भिकाजी आहे, ढाल ठेवायचं टेबल उचलून नेताना, अर्धा.

त्याचा स्वतःचा डावा पाय लंगडा आहे. शाळेची कौलं परतताना वाशावरून पडला, घोटा मोडला, तो वाकडाच जुळला. त्याच्या स्वतःच्या पावलांचा माग मैदानावर कायम राहतो आणि कायम सारखाच असतो. तो तेवढा मात्र कधी बघत नाही.

गेल्या नोव्हेंबरात जिल्ह्याच्या मुलींच्या संघाचं सराव शिबिर याच मैदानावर भरलं. पंधरा दिवस सराव आणि लगेच राज्य स्पर्धा. प्रशिक्षक होती सानिका. ती याच शाळेतली, याच मातीत खेळलेली. ती चौदा वर्षांची असताना भिकाजीने तिला सांगितलं होतं, "हूल देताना खांदा आधी हलवू नको गो, सगळ्यांना कळता." तिने ते ऐकलं होतं, आणि त्याच हुलीवर ती पुढे राज्याच्या संघात गेली होती. आता तिच्या गळ्यात शिट्टी होती, बॅगेत प्रमाणपत्रं होती. भिकाजी तिला चारचौघांत मॅडम म्हणायचा. चुकून 'गो' निघालं की आपल्याच तोंडावर रागावायचा.

दुसऱ्या दिवशी विनीत आला. रत्नागिरी शहरातला मुलगा, पुण्यात खेळाचं विज्ञान शिकून आलेला. त्याच्या पेटीत काड्यापेटीएवढी सोळा यंत्रं होती. एकेका मुलीच्या दोन्ही नडग्यांना एकेक बांधायचं. पाय किती वेगाने पुढे गेला, किती वळला, टेकताना किती हादरा बसला हे सगळं त्या काड्यापेट्या टिपणार आणि बाकावर ठेवलेल्या टॅबवर रेघा उमटणार. डाव्या पायाच्या यंत्राला निळा ठिपका, उजव्या पायाच्याला पिवळा. ठिपके पहिल्या दिवशीच घामाने सुटले, तेव्हा मुलींनी नेलपॉलिशने नवे काढून दिले.

पट्टेही टिकेनात. आपल्याकडच्या दमट हवेतला घाम, त्यात लाल माती. अर्ध्या डावात पट्टा घसरून घोट्याशी यायचा आणि विनीत कपाळावर हात मारायचा. भिकाजी दोन दिवस बघत होता. तिसऱ्या दिवशी त्याने सायकलच्या जुन्या ट्यूब कापून त्यांच्या पट्ट्या आणल्या. एक वळसा, एक खाच, बस्स. पट्टी कातड्याला अशी धरून बसली की सूर मारूनही हलेना.

"काका, काय डोकं आहे तुमचं!" विनीत म्हणाला. "पुण्यात आमच्या कुणाला सुचलं नाही हे."

भिकाजीने मान खाली घातली. उभ्या आयुष्यात त्याच्या डोक्याचं नाव कुणी काढलं होतं ते शिव्या देतानाच.

तेव्हापासून यंत्रं बांधायचं काम त्याचं झालं. सानिकानेच वेळ ठरवून दिली. मुली बसतील तेव्हा बांधायची. खो-खोत आठ जणी मधल्या रांगेत आपापल्या चौकात उकिडव्या बसतात, एकीचं तोंड विहिरीकडे, तिच्या शेजारणीचं माडांकडे, पुन्हा विहिरीकडे, पुन्हा माडांकडे. तेवढीच दोन मिनिटं त्या एका जागी असतात. एकदा बांधलं की बसायचा डाव आणि पळतीचा डाव दोन्ही त्याच पट्ट्यांवर. पहिल्या चौकातल्या मुलीला विनीतने बांधून दाखवलं. तिचं तोंड विहिरीकडे होतं. भिकाजीने नीट बघून मनात पक्कं केलं: निळा शाळेकडे, पिवळा रस्त्याकडे. मैदानावरची प्रत्येक गोष्ट तो अशीच लक्षात ठेवतो. शाळेकडची रेघ, रस्त्याकडची रेघ. शाळेकडचा कोपरा धसलाय, रस्त्याकडचा खांब हलतोय. मग टोपलीत यंत्रं घेऊन तो रांगेतून सरकत जायचा आणि आठ जणींच्या सोळा नडग्या बांधून मोकळा व्हायचा. एकदाही त्याला थांबून विचार करावा लागला नाही, याचा त्याला अभिमान होता.

सहाव्या चौकात मनस्वी बसायची. याच शाळेत अकरावीला, पलीकडच्या वाडीतली. बाप मुंबईला, आई आणि ही इथे. सतरा वर्षांची, काटक, सतत काहीतरी चघळणारी. पळतीला उतरली की साडेतीन मिनिटं कुणाच्या हाताला लागायची नाही. राज्य स्पर्धेत अशीच खेळली तर महाराष्ट्राच्या संघाच्या निवडीला तिला बोलावतील, असं सानिका म्हणायची. मनस्वीने घरात कॅलेंडरवर त्या तारखेभोवती गोल काढला होता. इतक्या जोरात की पान फाटलं होतं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी भिकाजीला मातीत ते दिसलं. मनस्वीचा डावा पाय नेहमीसारखा, टाच, कड, चवडा. उजव्याची टाच उथळ. जिथे वळली होती तिथे तर नुसता चवडा. गुडघा वाचवणारा पाय असा पडतो. त्याने रूळ तसाच सोडला आणि सानिकाकडे गेला.

"मॅडम, सहाव्या चौकातलीचा उजवा गुडघा बघा. ती भार देत नाय त्याच्यावर."

सानिका विनीतजवळ बाकावर बसली होती. टॅबवर मनस्वीच्या नावापुढे लाल पट्टी होतीच. विनीतने आश्चर्याने वर बघितलं.

"बरोबर पकडलंत काका. फरक आहे तिच्यात. एकोणीस टक्के. फक्त डावा आहे तो. डाव्यावर भार कमी येतोय."

"उजवा," भिकाजी म्हणाला.

"डावा काका. हे बघा ना. निळी रेघ."

"रेघ असेल निळी. पाय उजवा हाय."

सानिका हसली. वाईट नव्हतं तिचं हसणं, दमलेलं होतं. "मामा, ते यंत्र सेकंदाला शंभर वेळा मोजतं."

"मी दिवसातनं एकदाच बघतो. पण बघतो."

मग मनस्वीला बोलावलं. सानिकाने विचारलं, "डावा गुडघा दुखतोय तुझा?"

"नाही मॅडम. आईशप्पथ नाही."

ते अक्षरशः खरं होतं.

"आणि उजवा?" भिकाजीने विचारलं. "खरा सांग गो."

मनस्वीने क्षणभर त्याच्या पायांकडे बघितलं. "काय मामा तुम्ही पण! मशीनला विचारा की." आणि पळाली. पळताना उजवी टाच टेकली नाही. ते तिघांच्या समोर घडलं आणि एकालाच दिसलं.

विनीतने अहवाल केला. डावा पाय कमजोर आहे. त्याला रोज एका पायावरच्या उड्या द्यायच्या. तो तयार होईपर्यंत खांबाशी वळताना सगळा भार उजव्यावर घ्यायचा, डावा सांभाळायचा. सानिकाने ते कागदावरून मनस्वीला वाचून दाखवलं. मनस्वीने मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून ती खांबाशी उजव्यावर वळू लागली, ओठ घट्ट मिटून. तिला काय चाललंय ते सगळं कळत होतं. डाव्याचा संशय म्हणजे चार उड्या जास्त. उजव्याचं कळलं म्हणजे संघाबाहेर. यंत्राने तिच्या बाजूने खोटं बोलायचं ठरवलं असेल तर ती कशाला तोंड उघडेल?

सातव्या दिवशी माती आणखी वाईट होती. आठव्या दिवशी उजव्या पायाचा माग कोंबड्याने उकरल्यासारखा झाला. भिकाजी पुन्हा गेला. नवव्या दिवशी पुन्हा गेला. सानिका त्या वेळी अंतिम यादीवरून फोनवर कुणाशी तरी भांडत होती. तिने फोनवर हात ठेवला.

"मामा, तुम्ही पाणी मारा."

एवढंच म्हणाली. भिकाजी गेला आणि त्याने पाणी मारलं. इतकं मारलं की सकाळी शाळेकडच्या खांबाशी चिखल झाला होता आणि त्यावरूनही त्याला ऐकून घ्यावं लागलं.

खरं सांगायचं तर तोही डगमगला होता. मागच्या वर्षी त्याच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता. डॉक्टर म्हणाले होते, आता लख्ख दिसेल. पण लख्ख दिसणं आणि बरोबर दिसणं एकच असतं का, हे विचारायचं राहिलं. शंभर वेळा मोजणारं यंत्र डावा म्हणतं. पोरगी स्वतः नाही म्हणते. मग एकतीस वर्षं आपण मातीत जे वाचत होतो ते मातीत होतं की आपल्याच डोक्यात?

घरी त्याने बायकोला, हौसाला, नुकत्याच सारवलेल्या खळ्यात उभं केलं.

"जरा चाल गो. त्या टोकापर्यंत."

"आता? ओल्यात? मीच सारवलंय ना ह्यां मघाशी!"

"चाल म्हणतो ना."

"ह्या वयात बायको चालवून बघतायत," म्हणत हौसा चालली. भिकाजी वाकून बराच वेळ खाली बघत राहिला.

"तुझा उजवा गुडघा दुखतो."

हौसाने कमरेवर हात ठेवले. "लग्नाला पस्तीस वर्षां झाली, त्यातली वीस दुखतोय तो. आज दिसला होय तुमाला?"

तिने पुन्हा शेणाची बादली आणली आणि रागारागाने त्या पावलांवरून हात फिरवला. भिकाजीला मात्र बरं वाटलं. डोळे शाबूत होते. म्हणजे यंत्र खोटं होतं. आणि ते खोटं आहे हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर दाखवायचं, असं त्याने ठरवलं. त्याच्याकडे एक पाय असा होता की ज्याच्याबद्दल तालुक्यात कुणाचं दुमत नव्हतं.

बाराव्या दिवशी दुपारी मुली जेवून माडांच्या सावलीत पसरल्या होत्या. भिकाजी विनीतसमोर जाऊन उभा राहिला.

"सर, सहा नंबरची यंत्रं मला लावून बघायची हायत."

"तुम्हाला? का हो काका?"

"लंगडा म्हणजे लंगडा. कुठचा पाय ते तुमच्या यंत्राला कळतंय काय बघू."

विनीतला गंमत वाटली. त्याने टॅब सुरू केला. भिकाजी जाऊन सहाव्या चौकात बसला, सहावी बसते तसा, माडांकडे तोंड करून. विजार गुडघ्यापर्यंत सरकवली. डाव्या नडगीला निळा बांधला, उजव्या नडगीला पिवळा. स्वतःच्या पायाला बांधताना यात चुकण्यासारखं काही नव्हतं. मुली उठून बसल्या.

"मामा, खो!" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

भिकाजी उठला आणि रस्त्याकडच्या खांबापर्यंत गेला, वळला, आला. जमेल तितकं धावला. मुली टाळ्या वाजवत होत्या. त्याने विनीतकडे बघितलं. आतून तो आधीच जिंकला होता. यंत्र आता उजवा म्हणणार होतं.

"डावा, काका," विनीत म्हणाला. "पस्तीस टक्के. एकदम स्पष्ट."

"परत बघा."

पुन्हा एक फेरी. पुन्हा डावा.

"बघितलंत? यंत्र चुकत नाही हो," विनीत मायेने म्हणाला, आणि जेवायला निघून गेला.

भिकाजी पट्ट्या सोडायला पुन्हा चौकात बसला. त्याला रडू येईलसं वाटत होतं आणि रडण्याइतकं हे मोठं आहे का तेही कळत नव्हतं. यंत्र खरं होतं. डोळे खरे होते. दोघांचं जमत नव्हतं. त्याने डाव्या नडगीवरच्या पट्टीला हात घातला आणि तसाच थांबला.

निळा ठिपका रस्त्याकडे होता.

त्याने मान वर करून खात्री केली. समोर माड. उजव्या हाताला शाळा, डाव्या हाताला रस्ता. माडांकडे तोंड करून बसलेल्याचा डावा पाय रस्त्याकडेच असणार. आणि या चौकात बसणाऱ्या मुलीला त्याने इतके दिवस रोज, न चुकता, निळा शाळेकडे बांधला होता. म्हणजे तिच्या उजव्या पायाला. पहिली, तिसरी, पाचवी, सातवी यांचं तोंड विहिरीकडे. त्यांचं बरोबर होतं. दुसरी, चौथी, सहावी, आठवी उलट्या. यंत्र उजव्या पायाचं दुखणं इमानाने सांगत होतं आणि त्याच्यावर डावा असं नाव भिकाजीने स्वतःच्या हाताने बांधलं होतं. बाकी तिघींचे पाय सारखे होते, त्यामुळे त्यांच्यात काही कळलं नाही. कळलं असतं ते एकीच्या बाबतीत, आणि ती गप्प होती.

जो माणूस पाचव्या दिवसापासून उजवा उजवा म्हणून ओरडत होता, त्यानेच सकाळ-संध्याकाळ ते डावं करून ठेवलं होतं. कुणावर रागवायचं, हे ठरवायला त्याने आजूबाजूला बघितलं. सावलीत मुली होत्या. शाळेकडच्या खांबावर एक कावळा होता.

मग त्याच्या मनात आलं ते वाईट होतं आणि अगदी सोपं होतं. अजून कुणाला माहीत नाही. आजपासून सरळ बांधायचं. उद्या सकाळी अहवाल आपोआप उजवा म्हणेल. विनीत त्या बदलाला काहीतरी मोठं नाव देईल. सानिका येईल आणि म्हणेल, मामा, तुम्ही म्हणत होतात ते खरं निघालं. एवढ्या वर्षांत हे वाक्य त्याला कुणी म्हटलं नव्हतं.

संध्याकाळी मुली बसल्या. भिकाजी टोपली घेऊन रांगेतून गेला. पहिल्यांदाच प्रत्येकीपाशी थांबला, तिच्या तोंडाकडे बघितलं, मग बांधलं. वेळ लागला. "मामा, आवरा हो," सानिका ओरडली. सगळं सरळ बांधून तो विहिरीशी जाऊन झारी भरू लागला.

मनस्वी पळतीला उतरली. खांब आला. तिला सांगितलं होतं तसा भार उजव्यावर घेऊन ती वळली. भिकाजीने झारी ठेवली. अहवाल उद्या सकाळी येणार होता. आजच्या सरावाचा पाऊण तास मध्ये होता. दुसरं वळण. तिचा गुडघा आतल्या बाजूला किंचित झुकला, वाऱ्याने दार हलावं तसा. तिसऱ्या वळणाला ती खांबाकडे येत होती आणि अहवाल उद्या येणार होता.

"थांब! थांब गो!"

तो मैदानात घुसला होता. त्याच्या पायाखाली फक्कीची रेघ पुसली गेली. एकतीस वर्षांत डाव चालू असताना त्याने ती कधी ओलांडली नव्हती. सानिकाने शिट्टी फुंकली, ती लांबतच गेली.

"काय झालं मामा? वेड लागलं काय तुम्हाला?"

"मी उलटे बांधले," भिकाजी म्हणाला. "माडांकडे तोंड त्यांचे. चौघींचे. पहिल्यापासनं."

कुणाला काही कळलं नाही. त्याने मग सहाव्या चौकात बसून, दोन्ही हात लांब करून दाखवलं. शाळेकडे निळा. बघा. आता माझा उजवा पाय कुठे आहे? विनीतच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला. तो बाकाकडे धावला. चार नावांचे रकाने अदलाबदल करायला त्याला पाच मिनिटं लागली. मनस्वीची लाल पट्टी डावीकडून उठून उजवीकडे जाऊन बसली. त्याखाली रोजचे आकडे होते, आणि आठवड्याभरात ते चढतच गेले होते.

"डावं उजवं कळत नाही तुम्हाला?" सानिकाचा आवाज चिरकला. "आठवडाभर मी हिला दुखऱ्या पायावर वळवतेय! तुम्ही एवढी वर्षं मैदानावर आहात ना मामा? मग?"

मी पाचव्या दिवसापासून सांगत होतो, असं त्याला म्हणायचं होतं. वाक्य घशापर्यंत आलं. पण सांगणारं तोंड आणि बांधणारे हात एकाच माणसाचे होते, आणि सगळे जण त्याच्या हातांकडे बघत होते.

विनीत गुडघ्यावर बसून मनस्वीचा उजवा पाय दाबून बघत होता. एका जागी ती ओरडली. मग तिने पाय सोडवून घेतला आणि सरळ भिकाजीसमोर आली.

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला बोलायला?"

"गो बाय, तो गुडघा..."

"माझा आहे ना गुडघा! मला माहीत होतं. तीन दिवस राहिले होते. तीन! नंतर बघितलं असतं मी. तुम्हाला कुणी विचारतं का इथे? मग कशाला मध्ये मध्ये करता?"

तिने पट्ट्या ओढून काढल्या आणि मातीत फेकल्या. ट्यूबची पट्टी सुटताना चटका बसतो. तो बसल्याचंही तिने दाखवलं नाही.

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी तीन महिने पळायचं नाही म्हणून सांगितलं. आतली गादी सुजली आहे, आणखी चार दिवस असंच चाललं असतं तर फाटली असती, असं ते म्हणाले. किंवा नसतीही, असंही म्हणाले. संघ तिच्याशिवाय गेला आणि उपांत्य फेरीत हरला. कुणी भिकाजीला दोष दिला नाही. त्याच्यासमोर बोलणं थांबवलं, इतकंच.

विनीतच्या अंतिम अहवालाची एक प्रत शाळेत आली. नव्या शिपायाने ती भिकाजीला वाचून दाखवली. एका ओळीत लिहिलं होतं की सुरुवातीच्या दिवसांत यंत्रं बांधणारी व्यक्ती अप्रशिक्षित असल्याने मानवी चूक झाली. दुसऱ्या पानावर होतं की स्थानिक साहित्यापासून केलेले पट्टे दमट हवेत अधिक टिकाऊ ठरले. दोन्ही ठिकाणी नाव नव्हतं. उजव्या गुडघ्याचं कुणी आधीच सांगितलं होतं, हे तर कुठेच नव्हतं. ते मोजलंच गेलं नव्हतं.

भिकाजी आठ दिवस मैदानावर गेला नाही. नवव्या दिवशी हौसा म्हणाली, "घरात बसून माझ्या पायांकडे बघत राहू नका. जावा तिकडे." मग तो गेला. माती फुटली होती, त्यात कुत्र्यांचे माग होते. त्याने ती सारखी केली.

जानेवारीच्या मध्याला एका संध्याकाळी मनस्वी आली. त्याने नुकतंच पाणी मारलं होतं. ती त्याच्याकडे न बघता मैदानात उतरली. चपला शाळेकडच्या खांबाशी काढल्या आणि मधल्या रांगेतून रस्त्याकडच्या खांबापर्यंत चालत गेली, सावकाश. तिथे पाठ करून उभी राहिली.

"टेकली?"

भिकाजी वाकला. पहिल्या चौकापासून शेवटच्या चौकापर्यंत गेला. डावा, उजवा. डावा, उजवा. उजवी टाच अजून उथळच होती. खोटं सांगावंसं वाटलं, एकदाच.

"नाय."

ती परत फिरली. येताना तिने डावा पाय ओल्या मातीत फरफटत आणला आणि आपली सगळी पावलं पुसून टाकली. चपला घातल्या आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. नंतर रोज येऊ लागली. तेच दोन शब्द, तेवढंच बोलणं. आणि जाताना तीच नासधूस. ती फरफट भरून काढायला, दाबायला, पुन्हा पाणी मारून रूळ फिरवायला भिकाजीला अर्धा तास जादा लागतो. तो वैतागतो. लंगडत झारी विहिरीशी नेतो, आणतो, आपल्याशीच पुटपुटतो की माती काय हिच्या बापाने टाकलीय. घरी गेल्यावर हौसाला तेच सांगतो, आणि ती म्हणते, मग नका मारू पाणी ती यायच्या आधी, कोरड्यात चालू दे.

तो मारतो. साडेपाचच्या सुमाराला, रस्त्याकडून ती दिसायच्या जरा आधी, रांग पुरती ओली झालेली असते.